ट्रॉयचा माथा कुणी कापला?

ट्रॉय बघायला जाणारा प्रवासी बहुतेक वेळा हिरमुसला होऊन परततो. मीही पहिला अर्धा तास हिरमुसलेलाच होतो.

तुर्कस्तानच्या वायव्य टोकाला, दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी, हिसार्लिक नावाचं एक टेकाड आहे. हिसार म्हणजे किल्ला. आपल्या हरियानातल्या हिसार गावाच्या नावात आहे तोच हा शब्द. हिसार्लिक म्हणजे किल्ल्याची जागा. पण तुम्ही राजगड-रायगड मनात धरून तिथं गेलात, तर फसाल. माथ्यावरचा बालेकिल्ला जेमतेम पाच एकरांचा. भोवती सपाट शेतं, दूरवर समुद्राची एक रेघ आणि कानात घोंगावणारा वारा. आमच्या गटातल्या एक काकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "हेच का ते? एवढ्यासाठी दहा वर्षं भांडले?"

सगळे हसले. पण प्रश्न सगळ्यांच्याच मनातला होता. हेलेनचा महाल कुठाय? प्रायम राजाचा दरबार कुठाय? घोडा कुठून आत आणला? जाता जाता सांगतो, 'इलियड'मध्ये लाकडी घोड्याची गोष्ट नाहीच. ते काव्य हेक्टरच्या अंत्यसंस्कारापाशी संपतं. घोडा आपल्याला भेटतो तो 'ओडिसी'त आणि पुढं रोमन कवी व्हर्जिलकडे. पण चित्रपटांनी आणि शाळेतल्या धड्यांनी तो असा काही मनात बसवलाय, की ट्रॉय म्हटलं की आधी घोडा आठवतो.

महाल काही दिसेना. दिसत होते ते दगडांचे ढीग, अर्धवट भिंती आणि जागोजागी लावलेल्या पाट्या. पाट्यांवर रोमन आकडे होते. एक, दोन, सहा, सात, नऊ. गंमत अशी, की 'दोन'ची पाटी पायाखाली, 'सहा'ची पलीकडे आणि 'नऊ'ची आणखी कुठं तरी. आमच्या वाटाड्यानं सांगितलं, "हे एक शहर नाही. इथं एकावर एक नऊ शहरं आहेत. कोणतं बघायचं ते आधी ठरवा."

त्या क्षणी मला आमच्या गावची पांढर आठवली.

गावाकडच्या माणसांना पांढर म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. शहरात वाढलेल्यांसाठी सांगतो. पिकाची जमीन ती काळी आणि वस्तीची जमीन ती पांढरी. पिढ्यान् पिढ्या एकाच जागी माणसं राहिली, की तिथली माती वेगळी होते. घरांच्या मातीच्या भिंती पडतात, त्यांचाच चिखल होतो, चुलीतली राख पडते, खापरं पडतात, हाडं पडतात. त्यावरच पुन्हा नवं घर उभं राहतं. असं करत करत गाव हळूहळू वर चढतं. आमच्या गावाबाहेर असंच एक जुनं टेकाड होतं. लहानपणी पावसानंतर आम्ही तिथं मणी शोधायला जायचो.

हिसार्लिक म्हणजे हीच पांढर, फक्त फार मोठी आणि फार जुनी. पहिली वस्ती इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षांची. दगडाचा पाया, त्यावर कच्च्या विटांची भिंत, वर मातीचं धाबं. आग लागली, भूकंप झाला किंवा घर नुसतं जुनं झालं, तरी मलबा उचलून दूर टाकत नसत. तिथंच सपाट करून त्यावर नवं घर बांधत. १९३०च्या दशकात इथं उत्खनन करणाऱ्या अमेरिकन पुरातत्त्वज्ञ कार्ल ब्लेगेन यांना एक मजेशीर गोष्ट आढळली. जेवणातली हाडं आणि शिंपले लोक घरातच जमिनीवर टाकत. फारच घाण झाली, की वरून स्वच्छ मातीचा थर पसरून चोपत. आपल्याकडं सारवण असायचं, त्याचाच हा जाड भाऊ. असं वारंवार केल्यानं जमीन इतकी वर यायची, की दाराची चौकट उचलून पुन्हा बसवावी लागे. राजे आले-गेले त्यानं टेकडी वाढली असेलच, पण ती जास्त वाढली स्वयंपाकघरांमुळं.

अशी नऊ शहरं. ब्लेगेन यांनी तर त्या नवांच्या पोटात शेहेचाळीस थर मोजले.

आता काकूंचा प्रश्न पुन्हा घेऊ. या नवांतलं होमरचं ट्रॉय कोणतं? आणि त्याचा महाल गेला कुठं? या प्रश्नाचं उत्तर शोधताना एक चमत्कारिक गोष्ट कळते. तो महाल शत्रूनं पाडला असेलही, पण त्याची उरलीसुरली खूणसुद्धा पुसून टाकली ती ट्रॉयवर जीव ओवाळून टाकणाऱ्या भक्तांनी. तेही एकदा नव्हे, दोनदा.

पहिले भक्त ग्रीक आणि रोमन. होमरचं काव्य साधारणपणे इसवी सनापूर्वी आठव्या शतकातलं मानतात. त्या सुमारास इथं ग्रीकांची वस्ती झाली. गावाचं नाव इलियन. हे आठवं ट्रॉय. तेव्हापासून ही जागा तीर्थक्षेत्रासारखी झाली. इराणचा सम्राट झेरेक्सिस इसवी सनापूर्वी ४८०मध्ये ग्रीसवर चालून जाताना इथं थांबला आणि त्यानं अथेना देवीला हजार बैल बळी दिले, असं हिरोडोटस लिहितो. ३३४मध्ये अलेक्झांडर आला. अकिलीस त्याचा आदर्श. त्यानं देवळात आपली शस्त्रं अर्पण केली आणि तिथली जुनी शस्त्रं प्रसाद म्हणून सोबत नेली. इसवी सनापूर्वी ८५मध्ये फिम्ब्रिया नावाच्या रोमन सेनानीनं हे गाव लुटलं. पण पुढं ऑगस्टस सम्राटानं ते पुन्हा उभं केलं, कारण त्याचं घराणं स्वतःला ट्रॉयच्या इनियसचे वंशज समजे. हे नववं ट्रॉय.

एवढी मोठी माणसं दर्शनाला येणार, तर देऊळही तसंच हवं. म्हणून अलेक्झांडरनंतरच्या काळात अथेनेचं भव्य देऊळ बांधायचं ठरलं. देवळाला प्रशस्त अंगण हवं आणि टेकडीचा माथा तर उंचसखल. मग त्यांनी माथाच कापून सपाट केला. आणि माथ्यावर काय होतं? सहाव्या आणि सातव्या ट्रॉयच्या बालेकिल्ल्याचा मधला भाग, म्हणजे नेमके राजवाडे. ज्या वीरांच्या स्मरणार्थ देऊळ बांधायचं, त्यांचीच घरं खणून काढून तो मलबा उतारावर ढकलला. यात कुणाचं पाप नव्हतं. खाली काय आहे याची त्यांना कल्पनाही नसेल. त्यांना फक्त देऊळ दिसत होतं.

पुढं इलियन ओस पडलं. नाव कवितेत उरलं, जागा विस्मृतीत गेली. अठराव्या शतकाच्या अखेरीस विद्वान ट्रॉय शोधू लागले, तेव्हा बहुतेकांचं बोट पिनारबाशी नावाच्या दुसऱ्याच टेकडीकडं होतं. १८२२ साली चार्ल्स मॅक्लॅरन या स्कॉटिश संपादकानं हिसार्लिकचं नाव सुचवलं. पण त्याकडं लक्ष दिलं ते फ्रँक कॅल्व्हर्ट यानं. हा इंग्रज घराण्यातला, दार्दानेल्सलाच राहणारा, वकिलातीचं काम सांभाळणारा शांत माणूस. टेकडीचा पूर्वेकडचा भाग त्याच्या मालकीचा होता. १८६०च्या दशकात त्यानं तिथं चाचणीचे खड्डे घेतले. पुढं खणायला मात्र त्याच्याकडं पैसे नव्हते.

पैसे होते ते दुसऱ्या भक्ताकडं. त्याचं नाव हाइन्रिख श्लीमान. जन्म १८२२, जर्मनीतला. किराणा दुकानात नोकरी करून वर आलेला, पुढं रशियात नीळ विकून गबर झालेला व्यापारी. त्या काळी युरोपच्या बाजारातली बरीचशी नीळ आपल्या हिंदुस्थानातून जायची. तेव्हा बंगाल-बिहारमधल्या निळीच्या रयतेचा घामही ट्रॉयच्या मातीत थोडाफार मुरलाय, असं म्हणायला हरकत नाही. होमरचा शब्द अन् शब्द खरा आहे, अशी श्लीमानची श्रद्धा. १८६८मध्ये तो आधी पिनारबाशीलाच गेला. तिथं काही मिळेना. मग कॅल्व्हर्टची गाठ पडली आणि त्यानं हिसार्लिककडं बोट दाखवलं.

१८७१ ते १८७३ या तीन वर्षांत श्लीमाननं जे केलं, ते आजही तिथं उघड्या डोळ्यांनी दिसतं. टेकडीच्या मधोमध, उत्तरेकडून दक्षिणेकडं, सुमारे ४० मीटर रुंद आणि १७ मीटर खोल चर. सतरा मीटर म्हणजे जवळजवळ पाच मजले. त्याचा हिशेब सरळ होता. होमरचं ट्रॉय सगळ्यांत प्राचीन, म्हणजे ते सगळ्यांत खाली असणार. वरचं सगळं नंतरचं, म्हणजे बिनकामाचं. शंभराहून अधिक मजूर लावून त्यानं वरचे थर फावड्या-कुदळींनी उपसले, भिंती फोडल्या आणि दगड उतारावरून ढकलून दिले.

कॅल्व्हर्टला हे बघवत नव्हतं. १८७३च्या सुरुवातीला त्यानं वर्तमानपत्रात लिहून एक फार मोलाची शंका काढली. सापडलेल्या वस्तू एक तर इसवी सनापूर्वी १८००च्या आधीच्या आहेत किंवा ७००च्या नंतरच्या. मग मधली हजारावर वर्षं गेली कुठं? ट्रोजन युद्धाचा परंपरेनं मानलेला काळ तर नेमका त्या मधल्या काळातच येतो! श्लीमान त्याच्यावर भयंकर चिडला. आपल्या श्रद्धेचा हिशेब कुणी मागितलेला त्याला खपत नसे.

आणि त्याच वर्षी, मे महिन्याच्या अखेरीस, त्याला खजिना मिळाला. सोन्याचे मुकुट, कर्णभूषणं, हजारो बारीक मणी, चांदीची आणि तांब्याची भांडी. प्रायम राजाचा खजिना म्हणून त्यानं जगभर डंका पिटला. पत्नी सोफियाला ते दागिने घालून छायाचित्र काढलं. सोफियानं स्वतःच्या शालीत लपवून हा खजिना वर आणला, अशी रम्य हकिगतही छापली. नंतर एका पत्रात त्यानं कबूल केलं, की सोफिया त्या वेळी तिथं नव्हतीच, ती अथेन्सला होती. खजिना त्यानं तुर्की अधिकाऱ्यांच्या नकळत बाहेर काढला. उस्मानी सरकारनं खटला भरला, शेवटी ५०,००० फ्रँक देऊन प्रकरण मिटलं. तो खजिना बर्लिनला गेला, १९४५मध्ये रशियन सैन्यानं उचलला, अनेक वर्षं गुप्त राहिला आणि १९९६मध्ये मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयात लोकांसमोर आला. आजही तिथंच आहे.

पण खरा धक्का वेगळाच आहे. तो खजिना प्रायमचा नव्हताच. तो दुसऱ्या ट्रॉयमधला, ट्रोजन युद्धाच्या मानलेल्या काळाहून हजार-बाराशे वर्षं जुना. म्हणजे शिवाजी महाराजांचा वाडा शोधायला निघावं आणि राष्ट्रकूटांच्याही आधीच्या थरापर्यंत जाऊन थांबावं, तसं झालं. वाटेत लागलेला वाडा मात्र आपणच फोडून मलब्यात टाकलेला!

श्लीमानला हे अखेर कळलं का? बहुधा कळलं. त्याच्याबरोबर १८८२पासून विल्हेल्म डॉर्पफेल्ट नावाचा तरुण वास्तुतज्ज्ञ काम करत होता. थर कसे ओळखायचे, भिंतीचं वय कसं ठरवायचं, याची शिस्त इथं आणली ती त्यानं. १८९०च्या उत्खननात सहाव्या थरात ग्रीसमधल्या मायसिनीसारखी भांडी निघाली. मायसिनी तर श्लीमाननं स्वतःच १८७६मध्ये खणलं होतं, त्यामुळं ती भांडी त्याला अचूक ओळखता येत. याचा अर्थ होमरच्या वीरांचा काळ सहाव्या-सातव्या थरात होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नेपल्सला श्लीमानचा मृत्यू झाला.

त्यानंतर सोफियानं दिलेल्या पैशांतून डॉर्पफेल्टनं १८९३मध्ये काम पुढं नेलं आणि सहाव्या ट्रॉयची तटबंदी मोकळी केली. तीच आज प्रवाशांना आधी दिसते. चांगली चार मीटरांहून जाड, बाहेरच्या अंगाला तिरकी, घडीव दगडांची, ठरावीक अंतरावर करवतीच्या दातासारखी वळणारी. ती वाचली, कारण ती कडेला, खालच्या अंगाला होती. देवळासाठी कापला तो मधला भाग, श्लीमाननं उपसला तोही मधलाच. भक्तांची नजर नेहमी गाभाऱ्याकडं असते. म्हणून कडेचं तेवढं उरलं.

मग युद्ध झालं की नाही? तुम्ही विचाराल म्हणून सांगतो. सहावं ट्रॉय इसवी सनापूर्वी १३००च्या सुमारास कोसळलं. ब्लेगेन यांच्या मते ते भूकंपानं. त्यानंतरच्या वस्तीत घरं दाटीवाटीनं बांधलेली आहेत आणि धान्य-तेलाचे मोठे रांजण जमिनीत पुरलेले आहेत. संकटाची चाहूल लागलेल्या माणसांनी बेगमी करावी तसे. ही वस्ती इसवी सनापूर्वी ११८०च्या सुमारास जळाली. तिथं बाणांची टोकं, गोफणीचे दगड आणि माणसांचे सांगाडे मिळाले. शिवाय तुर्कस्तानातल्याच हिटाइट साम्राज्याच्या कागदपत्रांत, खरं म्हणजे मातीच्या पाट्यांत, विलुसा नावाच्या राज्याशी केलेला तह आहे. तो इसवी सनापूर्वी १२८०च्या आसपासचा. विलुसाच्या राजाचं नाव अलाक्सांडू. होमरच्या इलियसचं जुनं रूप विलियस होतं आणि त्याच्या काव्यातल्या पॅरिसचं दुसरं नाव अलेक्झांड्रोस, हे लक्षात घेतलं की अंगावर काटा येतो. विलुसा म्हणजेच ट्रॉय, असं आता बहुतेक अभ्यासक मानतात. पण इथून हेलेनपर्यंत उडी मारू नये. कुणी तरी हे गाव जाळलं, इतकं माती सांगते. कुणासाठी जाळलं, ते माती सांगत नाही. ते कवी सांगतो.

या सगळ्यात मला दोन माणसांचं फार कौतुक वाटतं. पहिले ब्लेगेन. श्लीमान आणि डॉर्पफेल्ट यांनी न खणता सोडलेले मातीचे खांब आणि बेटं टेकडीवर शिल्लक होती. ब्लेगेन यांनी १९३२ ते १९३८ मुख्यतः तीच हळूहळू, थराथरानं वाचली. आणि वाचता वाचता त्यांनीही काही भाग मुद्दाम न खणता राखून ठेवला. का? तर आपल्यानंतर येणाऱ्यांकडं आपल्यापेक्षा चांगली साधनं असतील म्हणून. विचार करा, आयुष्यातली इतकी वर्षं एका टेकडीवर घालवलेला माणूस. कुदळ हातात, परवानगी खिशात आणि उत्सुकता पोटात. तरी तो म्हणतो, एवढं राहू द्या. हे माझं नाही.

ती माणसं खरोखरच आली. दुसरे ते मानफ्रेड कोर्फमान. १९८८पासून २००५मध्ये मृत्यू येईपर्यंत ते इथं काम करत होते. त्यांनी टेकडीच्या दक्षिणेकडच्या शेतांत जमिनीतले चुंबकीय फरक मोजणारं यंत्र फिरवलं. माती न उकरताच खालचे खंदक आणि घरांचे पाये उमटू लागले. बालेकिल्ल्याच्या दक्षिणेला सुमारे ४०० मीटरांवर कातळात कोरलेला खंदक निघाला. म्हणजे ट्रॉय पाच एकरांचं नव्हतं. त्याला पायथ्याशी मोठी पेठ होती. ती किती मोठी यावरून २००१मध्ये जर्मन विद्वानांत जाहीर कडाक्याचं भांडण झालं, कारण काहींच्या मते कोर्फमान फार फुगवून सांगत होते. पण काकूंच्या प्रश्नाला उत्तर मिळालं. दहा वर्षं भांडावं इतकी ती जागा नक्कीच मोठी होती. उत्तर मिळालं तेही न खणता, आणि जिथं कुणाचंच लक्ष नव्हतं तिथं. राजवाड्यात नव्हे, साध्या माणसांच्या आळीत.

परतताना मी श्लीमानच्या चराच्या काठावर थोडा वेळ उभा राहिलो. राग यायला हवा होता, पण खरं सांगतो, भीती वाटली. कारण त्या माणसाचं ट्रॉयवर प्रेम नव्हतं असं कोण म्हणेल? त्यानं आपली कमाई आणि आयुष्याची वीस वर्षं यात घातली. त्याची चूक एकच. आपल्याला काय सापडणार आहे, हे त्यानं खणण्याआधीच ठरवून टाकलं होतं. त्यामुळं समोर आलेलं दुसरं काहीही त्याला केवळ अडथळा वाटलं.

गावी गेलो तेव्हा मुद्दाम पांढरीवर चक्कर मारली. निम्मं टेकाड गेलंय. ती माती पिकाला चांगली, म्हणून पूर्वी बैलगाड्यांनी जायची, आता ट्रॅक्टरनं जाते. त्यात कुणाचा वाईट हेतू नाही. देवळाचं अंगण सपाट करणाऱ्यांचाही नव्हता. आमच्या पांढरीवर कुणी होमर झाला नाही, म्हणून तिथं कुणी श्लीमानही आला नाही, हे एक बरं म्हणायचं. पण नेवाशाच्या पांढरीत डेक्कन कॉलेजच्या सांकलियांना १९५०च्या दशकात ताम्रपाषाण काळापासून मराठेशाहीपर्यंतचे थर मिळाले. त्यातल्या सातवाहनांच्या थरात थेट भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्यकुंभांची खापरंसुद्धा होती. आमच्या टेकाडाच्या उरलेल्या निम्म्यात काय आहे, कोण जाणे.

कापलेल्या कडेत राखेची एक काळी रेघ दिसत होती. तिच्या खाली आणखी एक. बोटानं उकरून बघावंसं फार वाटलं. मग हात मागं घेतला.

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)